अमेरिकी साम्राज्यवाद: संज्ञा पाठ करण्याआधी त्यांच्यामागचे कागद वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.च्या इतिहासाच्या पेपरसाठी अमेरिकी साम्राज्यवादावरच्या संज्ञांची यादी केली आहे. मन्रो सिद्धांत, मॅनिफेस्ट डेस्टिनी, मुक्तद्वार धोरण, प्लॅट दुरुस्ती, बिग स्टिक, डॉलर डिप्लोमसी, सगळं पाठ होतं आणि दोन दिवसांनी एकमेकांत मिसळतं. कोणत्या व्यक्ती खरोखर महत्त्वाच्या, तेही ठरत नाही. आणि जो देश स्वतः इंग्रजांशी लढून स्वतंत्र झाला त्याला साम्राज्यवादी म्हणणं बरोबर आहे का, अशी शंका मनात आहे.

पंचवीस वर्षं मी पदव्युत्तर वर्गांना अमेरिकेचा इतिहास शिकवतो आहे. दर वर्षी उत्तरपत्रिकांत हाच गोंधळ दिसतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ती शंका घेऊ, कारण ती सुटली की यादी बरीचशी आपोआप उलगडते. वसाहतवादाविरुद्धची अमेरिकेची भाषा वरवरची नव्हती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा हा त्यांच्या राजकारणाचा पाया होता, आणि म्हणूनच दुसऱ्याचा मुलूख घेताना त्यांना दर वेळी नवा शब्द शोधावा लागला. इंग्रजांना ती अडचण नव्हती. डलहौसीने संस्थान खालसा केलं की खालसा केलं असंच सांगितलं जाई. वॉशिंग्टनला मात्र मुलूख ताब्यात हवा होता आणि 'वसाहत' हा शब्द नको होता. तुमच्या यादीतल्या बहुतेक संज्ञा या ओढाताणीतून आल्या आहेत. म्हणून कुठलीही संज्ञा समोर आली की मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारायला सांगतो: ती कुठल्या कागदात आहे, तो कागद कुणी लिहिला, आणि त्या कागदामुळे काय करायची मोकळीक मिळाली.

मन्रो सिद्धांतावर हे करून पाहा. २ डिसेंबर १८२३ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, वार्षिक संदेश पाठवला. त्यातले मोजके परिच्छेद म्हणजे हा सिद्धांत, आणि त्यामागचं डोकं मुख्यतः परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांचं. स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहती नुकत्याच स्वतंत्र झाल्या होत्या. युरोपने या खंडात नव्या वसाहती करू नयेत, स्वतंत्र झालेल्यांना पुन्हा गुलाम करू नये, आणि आम्हीही युरोपच्या भांडणात पडणार नाही, एवढंच त्यात आहे. शेजारच्या देशात फौज उतरवण्याचा हक्क त्यात कुठेही नाही. तो अंमलात आणायला लागणारं आरमारही तेव्हा अमेरिकेकडे नव्हतं. युरोपीय सत्ता दूर राहिल्या त्या बव्हंशी ब्रिटिश आरमाराच्या धाकाने.

फौज उतरवण्याचा हक्क आला तब्बल ८१ वर्षांनी. डिसेंबर १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच मन्रोच्या नावाला एक पुरवणी जोडली, ती 'रूझवेल्ट उपसिद्धांत' म्हणून ओळखली जाते. पश्चिम गोलार्धातला एखादा देश सतत गैरकारभार करत असेल, तर तिथे आंतरराष्ट्रीय पोलिसाचं काम अमेरिकेला करावं लागेल, असं त्यांनी मांडलं. १८२३ चा कागद युरोपला 'येऊ नका' म्हणतो, १९०४ चा कागद शेजाऱ्यांना 'आम्ही येणार' म्हणतो. उत्तरपत्रिकेत हे दोन्ही एकाच 'मन्रो सिद्धांत' या नावाखाली आले की परीक्षकाला लगेच कळतं की मूळ मजकूर पाहिलेला नाही.

'मॅनिफेस्ट डेस्टिनी'चं शब्दशः भाषांतर 'प्रकट नियती' होतं. वर्गात मी 'विधिलिखित' म्हणतो, ते मुलांना चटकन कळतं. हे शब्द १८४५ च्या उन्हाळ्यात जॉन ओ'सलिव्हन यांच्या मासिकात, टेक्सास संघराज्यात घेण्याच्या बाजूने लिहिलेल्या लेखात आले. सारा खंड व्यापणं हे आपल्याला विधात्यानेच नेमून दिलेलं काम आहे, असा त्यातला दावा. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी मेक्सिकोशी युद्ध सुरू केलं. अमेरिकी भूमीवर अमेरिकी रक्त सांडलं, हे त्यांचं कारण. इलिनॉयचा एक नवा काँग्रेस सदस्य तेव्हा उठून विचारत होता की रक्त सांडलं ती नेमकी जागा दाखवा. तो सदस्य म्हणजे अब्राहम लिंकन. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियासह प्रचंड प्रदेश दीड कोटी डॉलरना अमेरिकेकडे आला. टेक्सास धरला तर मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त भाग गेला.

बरीच पाठ्यपुस्तकं अमेरिकी साम्राज्यवाद १८९८ पासून सुरू करतात. मला ते पटत नाही. चेरोकी लोकांना १८३८ मध्ये संगिनीच्या धाकाने मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं, वाटेत हजारो मेले. हा साम्राज्याचाच इतिहास आहे, तो जमिनीवरून झाला म्हणून 'विस्तार' ठरला आणि समुद्र ओलांडल्यावर 'साम्राज्य'. मात्र १८९८ ला एक खरा फरक पडतो, आणि तो कायद्यात आहे. १७८७ च्या वायव्य अध्यादेशाने असं ठरवलं होतं की नव्या प्रदेशात ६०,००० स्वतंत्र रहिवासी झाले की त्याने घटना करावी आणि जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात यावं. म्हणजे जोडलेला प्रदेश आज ना उद्या राज्य होणार, हे गृहीत होतं. १८९८ नंतर हे गृहीतक मोडलं. ते कसं मोडलं, ते संत्र्यांच्या खटल्यात पुढे येतंच.

मधल्या काळातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. १८५६ चा ग्वानो बेटांचा कायदा: पक्ष्यांच्या विष्ठेचं खत असलेलं बेवारस बेट कुठल्याही अमेरिकी नागरिकाने शोधलं तर ते देशाचं मानता येईल. समुद्रापारच्या मुलखाचा हा पहिला कायदेशीर दरवाजा, आणि तो शेतीच्या खतासाठी उघडला. दुसरी, १८६७ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांनी रशियाकडून ७२ लाख डॉलरना घेतलेलं अलास्का.

१८९० च्या दशकातली तीन नावं जोडीने येतात. जोसाया स्ट्राँग हे पाद्री अँग्लो-सॅक्सन वंशाला जगाचं नेतृत्व बहाल करत होते. इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागोत सांगितलं की देशातली सरहद्द आता संपली आहे. आणि आरमारातले कॅप्टन आल्फ्रेड थेयर मेहन. तिघांत मी मेहनना सर्वांत वर ठेवतो. न्यूपोर्टच्या आरमारी महाविद्यालयात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक १८९० मध्ये आलं. व्यापाराला जहाजं लागतात, जहाजांना आरमाराचं संरक्षण लागतं आणि वाफेच्या आरमाराला ठिकठिकाणी कोळशाची ठाणी लागतात, हा त्यांचा मुद्दा. नकाशावर हवाई, ग्वाम, मनिला, पनामा आणि ग्वांतानामो ही ठिकाणं जोडा, मेहनचा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो. अमेरिकेला सुरुवातीला हव्या होत्या त्या जागा बहुतेक बंदरांच्या होत्या.

हवाईवर थोडं थांबतो, कारण ही कहाणी नीट समजली की बाकीच्या सोप्या जातात. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जाऊ लागली आणि मिशनऱ्यांचे वंशज व इतर गोरे मळेवाले गब्बर झाले. १८८७ मध्ये त्यांनी राजा कालाकौआ यांच्यावर शस्त्रांच्या जोरावर नवी घटना लादली. लोक तिला संगिनीची घटना म्हणतात. मग १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने सगळ्याच देशांची कच्ची साखर जकातमुक्त केली आणि अमेरिकेतल्या उत्पादकांना पौंडामागे २ सेंट अनुदान दिलं. हवाईचा फायदा एका फटक्यात गेला. अमेरिकेत सामील झालो तर ते अनुदान आपल्यालाही मिळेल, हे मळेवाल्यांना कळत होतं. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांनी राजसत्तेचे अधिकार परत देणारी घटना आणायचं ठरवलं. तेव्हा अमेरिकेचे तिथले राजदूत जॉन स्टीव्हन्स यांनी 'बोस्टन' या युद्धनौकेवरचे १६० च्या वर सैनिक होनोलुलूत उतरवले आणि १७ जानेवारीला राणीला पदच्युत करण्यात आलं. सत्ता सोडताना राणीने लिहून दिलेला मजकूर फार विचारपूर्वक होता. बंडखोरांपुढे नाही, अमेरिकेच्या वरचढ लष्करी बळापुढे मी माघार घेते आहे, असं तिने नमूद केलं. ही कायद्याची भाषा होती. उद्या अमेरिकेने चूक कबूल करावी यासाठी तिने दार उघडं ठेवलं होतं.

आणि ते दार थोडा वेळ खरोखर किलकिलं झालं. नवे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी जेम्स ब्लाउंट यांच्याकडून चौकशी करवली, ती राणीच्या बाजूने निघाली आणि विलीनीकरण थांबलं. पण सत्ता बळकावलेल्या सॅनफर्ड डोल यांच्या गटाने ती सोडली नाही, त्यांनी १८९४ मध्ये प्रजासत्ताक जाहीर केलं. १८९७ मध्ये विलीनीकरणाचा तह पुन्हा सेनेटपुढे, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहापुढे, आला, तेव्हा २१,००० हून अधिक हवाईवासीयांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. तहाला दोन तृतीयांश मतं मिळेनात. मग जुलै १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना, तहाऐवजी संयुक्त ठराव आणला गेला, कारण त्याला साधं बहुमत पुरतं. अशा रीतीने एक राज्य खालसा झालं. १९५९ मध्ये हवाई ५० वं राज्य झालं, १९९३ मध्ये काँग्रेसने राणीच्या पदच्युतीतल्या अमेरिकी सहभागाबद्दल माफीचा ठराव केला. त्या सह्यांचे कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नावांमागून नावं असलेली ती पानं पाहिली की 'स्थानिकांचा विरोध नव्हता' हे वाक्य पुन्हा लिहवत नाही.

आता १८९८. क्युबात १८९५ पासून स्पेनविरुद्ध उठाव चालू होता. स्पॅनिश सेनापती वेलर यांनी खेड्यांतल्या लोकांना कोंडछावण्यांत डांबलं, तिथे भूक आणि रोगराईने लाखाच्या घरात माणसं मेली. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली, २६० हून अधिक खलाशी गेले. हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या वृत्तपत्रांनी स्पेनवर ठपका ठेवून रान उठवलं. भडक बातमीदारीसाठीचा 'पीत पत्रकारिता' हा शब्द या दोघांच्या चुरशीतूनच आला. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या चमूने काढलेला निष्कर्ष असा की स्फोट बहुधा आतूनच, कोळशाच्या कोठीतल्या आगीमुळे झाला. पण 'वृत्तपत्रांनी युद्ध घडवलं' असं लिहू नका. युद्धाला मत देणाऱ्या काँग्रेसपुढे साखरेतली गुंतवणूक, क्युबन लोकांविषयीची खरी कणव आणि मेहनवाद्यांचा बंदरांवरचा डोळा, हे सगळं होतं. न्यूयॉर्कच्या दोन वृत्तपत्रांच्या डोक्यावर सगळं फोडलं की खरे निर्णय घेणारे सुटतात.

युद्धाला संमती देतानाच सेनेटर टेलर यांची दुरुस्ती मंजूर झाली: क्युबावर सत्ता गाजवण्याचा आमचा हेतू नाही. हे वचन फक्त क्युबापुरतं होतं. प्वेर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्सबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. १ मे रोजी कमोडोर ड्यूई यांनी मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश तांडा बुडवला, १० डिसेंबरला पॅरिसचा तह झाला आणि फिलिपिन्ससाठी स्पेनला २ कोटी डॉलर मिळाले. ज्यांचा देश विकला जात होता त्या फिलिपिनो लोकांना तहाच्या टेबलाजवळ जागाच नव्हती. एमिलियो अगिनाल्डो यांनी १२ जून १८९८ रोजीच कावित इथे स्वातंत्र्य जाहीर केलं होतं आणि त्यांच्याबरोबर अपोलिनारिओ माबिनी यांच्यासारखा घटना आणि राज्यव्यवस्थेवर सखोल विचार करणारा माणूस होता. अमेरिकी पुस्तकांत अगिनाल्डो सापडतात, माबिनी क्वचितच. पक्षाघाताने पाय गेलेल्या या माणसाने अमेरिकेशी एकनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून त्याला ग्वामवर हद्दपार केलं. यादीत माबिनींचं नाव जरूर घाला.

२१ डिसेंबर १८९८ रोजी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी जी घोषणा काढली तिचं नाव 'परोपकारी सामिलीकरण'. जेत्यांसारखे नाही, मित्रांसारखे आम्ही येतो आहोत, असा तिचा सूर. ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाबाहेर गोळीबार झाला आणि युद्ध पेटलं. अमेरिकेने त्याला कित्येक दशकं 'बंडाळी' म्हटलं. शब्द इथेही काम करतो, कारण बंडाळी म्हटलं की सत्ता आधीपासून तुमचीच ठरते. २३ मार्च १९०१ रोजी अमेरिकी जनरल फन्स्टन यांनी आपल्या बाजूच्या माकाबेबे या फिलिपिनो सैनिकांच्या मदतीने, स्वतः कैदी असल्याचं सोंग घेऊन, अगिनाल्डोंना पकडलं. सप्टेंबर १९०१ मध्ये समार बेटावरच्या बालांगिगा गावात अमेरिकी तुकडीवर हल्ला झाला. त्याचा सूड घेताना जनरल जेकब स्मिथ यांनी बेटाचा आतला भाग ओसाड करण्याचा हुकूम दिला. लष्करी न्यायालयात त्यांना दोषी धरलं, पण शिक्षा झाली ती समज आणि निवृत्ती. माणसाच्या तोंडात पाणी ओतून कबुली घेण्याचा 'वॉटर क्युअर' नावाचा छळ १९०२ मध्ये सेनेट समितीसमोर साक्षींतून आला. अमेरिकेचे ४,२०० हून अधिक सैनिक मेले, फिलिपिनो लढवय्ये सुमारे २०,०००, आणि हिंसा, उपासमार व पटकीने मेलेल्या नागरिकांचा सर्वसाधारण अंदाज २ लाखांपर्यंत जातो. दुसरीकडे 'थॉमस' या जहाजातून १९०१ मध्ये सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक आले आणि त्यांनी गावोगाव इंग्रजी शाळा सुरू केल्या. या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीने केल्या. शाळांचा उल्लेख करून छळ झाकू नका, आणि छळ सांगताना शाळाही गाळू नका.

इथे आपल्या मुंबईशी एक खरा धागा जुळतो. 'गोऱ्या माणसाचं ओझं' हा शब्दप्रयोग तुमच्या यादीत असेल आणि तुम्ही तो ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडला असेल. ती कविता फिलिपिन्सवर आहे. फेब्रुवारी १८९९ मध्ये, नेमक्या त्या युद्धाच्या तोंडावर, अमेरिकेला उद्देशून ती छापली गेली. तिचे कवी रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मले, वडील सर जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. ही कविता किपलिंगनी रूझवेल्टना आधीच पाठवली होती. कविता म्हणून सुमार, पण विस्तारवादी दृष्टीने समंजस, असं रूझवेल्टनी मित्र हेन्री कॅबट लॉजना कळवलं. याच युद्धावर सर्वांत तिखट टीका लिहिणारे मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये व्याख्यानांच्या निमित्ताने मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरले होते. क्युबासाठीचं युद्ध त्यांना आधी योग्य वाटलं होतं. पॅरिसचा तह वाचल्यावर त्यांचं मत फिरलं आणि १९०१ पासून मृत्यूपर्यंत ते साम्राज्यवादविरोधी संघाचे एक उपाध्यक्ष राहिले. कागद वाचून मत बदलणारा लेखक म्हणून मला ट्वेन फार जवळचे वाटतात.

हा संघ १८९८ मध्ये बोस्टनमध्ये उभा राहिला. अँड्र्यू कार्नेगी, कामगार नेते सॅम्युअल गोम्पर्स, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स, समाजसेविका जेन ॲडम्स असे एरवी एका खोलीत न बसणारे लोक त्यात होते. त्यांना सरसकट पुण्यवान ठरवू नका. विलीनीकरणाच्या काही विरोधकांचा, विशेषतः दक्षिणेतल्या सेनेटर बेन टिलमन यांच्यासारख्यांचा, मुद्दा होता की काळ्या-सावळ्या लोकांना आपल्या संघात घेऊच नये. उलट बाजूला इंडियानाचे ॲल्बर्ट बेव्हरिज होते. त्यांनी जानेवारी १९०० मध्ये सेनेटमध्ये 'फिलिपिन्स कायमचं आमचं आहे' असं ठणकावलं आणि त्यापलीकडे चीनच्या अमर्याद बाजारपेठा दाखवल्या. विरोध करणारे आणि पाठिंबा देणारे, दोघांच्याही मनात वंशश्रेष्ठत्व होतं. निष्कर्ष तेवढे वेगळे निघाले.

आता तो खटला. माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा हाच आहे आणि तो बहुतेक यादींत नसतो. नोव्हेंबर १९०० मध्ये डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याने प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला संत्री आणली. जकात अधिकारी बिडवेल यांनी ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली. डाउन्स यांचं म्हणणं सरळ होतं: प्वेर्तो रिको आता अमेरिकेत आहे, घटनेप्रमाणे देशभर जकात एकसारखी हवी, तेव्हा देशातल्या देशात माल आणला तर जकात कसली? प्रश्न संत्र्यांचा दिसतो, पण 'हो' म्हटलं असतं तर जिथे झेंडा तिथे संपूर्ण घटना, असं झालं असतं आणि फिलिपिन्समधल्या लाखो लोकांना सगळे हक्क द्यावे लागले असते. २७ मे १९०१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी डाउन्स यांच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या मतातला शब्दप्रयोग असा की आंतरराष्ट्रीय अर्थाने प्वेर्तो रिको परका देश नाही, पण देशांतर्गत अर्थाने तो परका आहे. यातूनच 'असमाविष्ट प्रदेश' ही संज्ञा रुजली: अमेरिकेच्या मालकीचा, पण अमेरिकेचा भाग नसलेला. तिथे फक्त मूलभूत हक्क लागू, बाकीचे काँग्रेसच्या मर्जीवर, आणि राज्य होण्याचं वचन नाही. १७८७ चं गृहीतक मोडलं ते इथे. या आणि सोबतच्या निकालांना 'इन्शुलर केसेस', म्हणजे बेटांचे खटले, म्हणतात. विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती हार्लन होते. काळ्या नागरिकांना वेगळ्या डब्यात बसवणारा १८९६ चा कुप्रसिद्ध निकाल आला, तेव्हाही एकट्याने विरोध केलेले हार्लन तेच.

क्युबाची व्यवस्था वेगळी होती, कारण टेलर यांचं वचन आडवं येत होतं. मग १९०१ मध्ये युद्धमंत्री एलिहू रूट यांनी कल्पना बांधली आणि सेनेटर ऑरव्हिल प्लॅट यांच्या नावाने ती लष्करी खर्चाच्या विधेयकाला जोडली गेली. क्युबाने आपलं स्वातंत्र्य धोक्यात आणणारे करार परकीयांशी करू नयेत, झेपेल तेवढंच कर्ज काढावं, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क द्यावा आणि आरमारासाठी जागा द्यावी. हे मान्य करेपर्यंत फौज हलणार नव्हती. क्युबाच्या घटनासभेने १६ विरुद्ध ११ मतांनी मान डोलावली. मराठी विद्यार्थ्याला हे समजावायला मला एकच शब्द पुरतो: तैनाती फौज. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आठवा. गादी दुसऱ्या बाजीरावाची, पण परराष्ट्र व्यवहार कंपनीच्या संमतीने. प्लॅट दुरुस्ती १९३४ मध्ये गेली, ग्वांतानामोचा तळ राहिला. १९०३ मध्ये त्याचं वार्षिक भाडं २,००० सुवर्ण डॉलर ठरलं होतं. पुढे ते ४,०८५ डॉलर झालं. क्युबाचं सरकार ते धनादेश वटवत नाही.

पनामाही याच चष्म्यातून पाहा. तो तेव्हा कोलंबियाचा भाग होता. ऑगस्ट १९०३ मध्ये कोलंबियाच्या सेनेटने कालव्याचा करार फेटाळला. ३ नोव्हेंबरला पनामात उठाव झाला. 'नॅशव्हिल' ही युद्धनौका आदल्या दिवशीच हजर होती, आणि अमेरिकी ताब्यातल्या रेल्वेने कोलंबियाच्या सैनिकांना पलीकडे नेलं नाही. तीन दिवसांत नव्या पनामाला अमेरिकेची मान्यता मिळाली. १८ नोव्हेंबरला करारावर पनामाच्या वतीने सही केली ती फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच अभियंत्याने, पनामाचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोचण्याच्या आत. एक कोटी डॉलर रोख, वर्षाला अडीच लाख, आणि दहा मैल रुंदीच्या पट्ट्यात अमेरिकेला असे अधिकार, जे 'ती तिथली सार्वभौम असती तर' तिला मिळाले असते. त्या 'असती तर'वर पुढे पाऊणशे वर्षं भांडण झालं. १९७७ च्या कार्टर-तोरिहोस करारांनी ते मिटलं आणि ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाकडे गेला. कालवा खणताना अमेरिकी काळात ५,६०० च्या वर मजूर मेले, त्यांतले बहुतेक कॅरिबियन बेटांवरचे काळे लोक. गोऱ्यांचा पगार सोन्यात, यांचा चांदीत, आणि पगाराच्या याद्यांची नावंही 'सोन्याची' आणि 'चांदीची'.

उरलेल्या संज्ञा भराभर घेतो. 'बिग स्टिक' म्हणजे सौम्य बोला आणि हातात सोटा ठेवा, रूझवेल्ट यांनी सप्टेंबर १९०१ मध्ये मिनेसोटाच्या जत्रेत वापरलेली म्हण. 'डॉलर डिप्लोमसी' राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री नॉक्स यांची: कर्ज अमेरिकी बँकांचं, वसुलीला जकातनाका, आणि गरज पडली की खलाशी सैनिक. तिचा नमुना रूझवेल्ट यांनीच १९०५ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात घालून दिला होता. तिथली जकात अमेरिकी अधिकारी गोळा करी, ५५ टक्के सावकारांना आणि ४५ टक्के सरकारला. 'मुक्तद्वार धोरण' परराष्ट्रमंत्री जॉन हे (Hay) यांच्या १८९९ च्या पत्रांमधलं: चीनमध्ये प्रत्येक सत्तेच्या प्रभावक्षेत्रात सर्वांना सारखी व्यापारी वागणूक. ज्याच्याकडे स्वतःचं क्षेत्र नव्हतं त्याला हे सोयीचंच होतं. राष्ट्राध्यक्ष विल्सन नैतिकतेची भाषा बोलत, आणि त्यांच्याच काळात १९१५ मध्ये हैती, १९१६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताक ताब्यात आलं. हैतीतला ताबा १९३४ पर्यंत टिकला. सक्तीच्या वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या शार्लमान पेराल्त यांना १९१९ मध्ये मारण्यात आलं. अशा मोहिमांत दोनदा सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेले जनरल स्मेडली बटलर यांनी १९३५ मध्ये जाहीर लिहिलं की आपण आयुष्यभर वॉल स्ट्रीट आणि बँकांसाठी गुंडगिरी केली. बाहेरच्या टीकाकारापेक्षा या साक्षीचं वजन जास्त आहे, म्हणून उत्तरात तिला जागा द्या.

व्यक्तींबद्दल विचारलंत. राष्ट्राध्यक्षांची नावं येणारच. त्यांच्या जोडीला रूट, जॉन हे, मेहन, न्यायमूर्ती व्हाइट अशी कागद घडवणारी माणसं ठेवा, आणि समोरच्या बाजूने लिलिउओकलानी, माबिनी, पेराल्त व क्युबाचे होसे मार्ती. मार्ती न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षं राहिले होते. १९ मे १८९५ रोजी दोस रिओसला लढताना पडण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मित्राला पत्र लिहिलं, त्यात आहे: मी त्या राक्षसाच्या पोटात राहिलो आहे, मला त्याची आतडी ठाऊक आहेत. अमेरिका-स्पेन युद्ध सुरू होण्याच्या तीन वर्षं आधी त्यांना दिसत होतं की स्पेन गेल्यावर क्युबापुढचा खरा प्रश्न कुठून येणार आहे.

हे सगळं संपलं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. फिलिपिन्स ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झालं. प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळालं, पण तिथे राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही. अमेरिकन समोआत जन्मलेला माणूस कायद्याने अमेरिकेचा 'राष्ट्रजन' असतो, जन्माने नागरिक नसतो. एप्रिल २०२२ मध्ये न्यायमूर्ती गोर्सच यांनी एका निकालाला जोडलेल्या स्वतंत्र मतात लिहिलं की बेटांच्या खटल्यांना घटनेत आधार नाही आणि ते रद्द व्हायला हवेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काही समोअन लोकांनी जन्मसिद्ध नागरिकत्वासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीलाच घेतली नाही.